पत्र्याखालचं गाणं

श्रावणातल्या एका दुपारी आमच्या ऑफिसात बासरी चालू होती. स्पीकर कपाटावर, गाणं आमच्यातल्या सगळ्यात तरुण सहकाऱ्याच्या मोबाइलवरून. फेरफाराच्या कामासाठी आलेले एक मामा बाकावर टेकले होते. बासरी मध्येच तुटली, घंटी वाजली, पोरानं सवयीनं फोन उचलून कानाला लावला आणि कपाटावरून एका बाईंचा खणखणीत आवाज आला, ‘सर, मोटारसायकलचा हप्ता थकलाय, आज भरताय का?’ तो आपला ‘हॅलो, हॅलो’ करतोय, त्याच्या कानात काहीच येत नाही. जे यायचं ते आमच्या सगळ्यांच्या कानात येतंय. फोन एकदाचा बंद झाला. मामा म्हणाले, ‘भरून टाक रं पोरा, व्याज लई वाढतं.’

त्या संध्याकाळी ठरलं, ऑफिसच्या स्पीकरला यापुढे कुणाचा चालता फोन जोडायचा नाही. नियम एवढासा, पण पुढची सगळी खरेदी त्याच्यावरच उभी राहिली. घरासाठी स्पीकर घेताना माणूस कंपनी पाहतो, किंमत पाहतो, फार तर रंग पाहतो. ऑफिसात ऐकणारे चार, त्यांच्या आवडी चार, कामं चार, आणि वर येणारीजाणारी माणसं. म्हणून आधी जागा पाहायची, मग माणसं, आणि सगळ्यात शेवटी वस्तू. दुकानात नेमका उलटा क्रम चालतो.

जागा म्हणजे कशेळे. कर्जतहून मुरबाडच्या रस्त्याला लागलं की हे गाव येतं. इथून एक वाट खांडसला, भीमाशंकरच्या पायथ्याला जाते. दुसरी जांबरुंगवरून आंबिवलीला, कोथळीगडाखाली. (पावसाळ्यात शनिवार-रविवारी त्या वाटेनं जाणाऱ्यांतले बरेच जण सॅकला स्पीकर लटकवून गडाला गाणी ऐकवत जातात. गडानं तशी मागणी केल्याचं ऐकिवात नाही.) आमचं ऑफिस नाक्यापासून थोडं आत, वरच्या मजल्यावर. १८ फूट बाय १२ फूट, खाली फरशी, भिंतींना प्लॅस्टर, डोक्यावर पत्रा. सातबाराचे उतारे, फेरफाराचे अर्ज, दुकानदारांचे जीएसटीचे हिशेब ही आमची कामं. म्हणजे निम्मं काम आकड्यांचं, निम्मं बोलण्याचं.

‘पोर्टेबल’ हा शब्द शहरात हौसेचा, इथं गरजेचा. जून लागला, वारा सुटला, एखादी फांदी तारेवर पडली की वीज गेली. तसा हा भाग विजेच्या बाबतीत जुना जाणता आहे. मावळातल्या ठोकळवाडी धरणाचं पाणी घाट उतरून भिवपुरीला येतं आणि तिथल्या टाटांच्या वीजघरातून १९२२ पासून मुंबईला वीज जाते. शेजारच्या खालापूर तालुक्यातलं खोपोलीचं वीजघर त्याहून जुनं, १९१५ चं. १९४२ च्या लढ्यात भाई कोतवालांच्या आझाद दस्त्यानं मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले, तेही याच डोंगरपट्ट्यात. आमच्या डोक्यावरून वीज जाण्याला शंभर वर्षं होऊन गेली. स्पीकर मात्र बॅटरीवरचाच घ्यावा लागतो.

बॅटरीचा आकडा खोक्यावर ‘एमएएच’मध्ये छापलेला असतो आणि तो पाहून फारसं काही कळत नाही. त्याला ३.७ व्होल्टनं गुणा आणि १,००० नं भागा, म्हणजे वॅट-तास मिळतात. २,००० एमएएचची बॅटरी ७.४ वॅट-तासांची. दोन स्पीकरांची तुलना या आकड्यानं करावी. ‘१२ तास चालतो’ या वाक्यानं करू नये, कारण ते १२ तास किती आवाजावरचे हे बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच. ऑफिसात आपण हळू वाजवतो, म्हणून तिथं बॅटरी सांगितल्यापेक्षा जास्तच टिकते. तिला खरा धोका मे महिन्याचा. पत्र्याखाली बंद ऑफिसात दुपारी जी भट्टी पेटते, तिच्यात लिथियमची बॅटरी चार्जिंगला लावून घरी जाऊ नये. ४५ अंशांच्या वर ती चार्ज करणं तिच्या आयुष्याला बाधतं. सकाळी आल्यावर लावावी, पूर्ण भरली की काढावी. पोट फुगलेली बॅटरी दिसली तर टोचाटोच न करता सरळ बाजूला काढून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी.

आता गाणं कशावर साठवायचं आणि कशावरून वाजवायचं, म्हणजे प्लेअर. खिशातलं गाणं ही कल्पना फार जुनी नाही. सोनीचा पहिला वॉकमन जपानात १ जुलै १९७९ ला विक्रीला आला. त्यानं कॅसेट खिशात आणली. १९९५ मध्ये संगणकावरच्या आवळलेल्या गाण्यांच्या फायलींना ‘एमपी३’ हे शेपूट मिळालं, २००१ च्या ऑक्टोबरात आयपॉड आला, आणि मे २०२२ मध्ये अ‍ॅपलनं तो बंद करत असल्याचं जाहीर केलं. दरम्यान मोबाइलनं वेगळा प्लेअर गिळला होता. सोय झाली खरी, पण गाण्याच्या मध्ये हप्त्याचा फोन आला तो याच सोयीतून. ऑफिसपुरतं तरी ही दोन यंत्रं पुन्हा वेगळी करायला हवीत असं माझं मत आहे.

त्याला तीन मार्ग आहेत. पहिला, घरातला जुना मोबाइल. स्क्रीनला तडा गेलेला, बॅटरी अर्धा दिवस टिकणारा, ड्रॉवरमध्ये पडलेला. त्यातलं सिम काढा, विमान-मोड लावा, नको ती अ‍ॅपं उडवा, गाणी कार्डावर भरा. फुकटात इतका चांगला प्लेअर दुसरा नाही. दुसरा मार्ग काड्यापेटीएवढ्या एमपी३ प्लेअरचा. तो चालतो, पण छोट्या बटणांवरून हजार गाण्यांत हवं ते शोधताना चहा थंड होतो. तिसरा म्हणजे गाणी भरूनच मिळणारी पेटी. सारेगामानं, म्हणजे जुन्या एचएमव्हीच्या रेकॉर्ड काढणाऱ्या ग्रामोफोन कंपनीच्या आजच्या अवतारानं, २०१७ मध्ये ‘कारवाँ’ आणली. रूप जुन्या रेडिओचं, पोटात ५,००० हिंदी गाणी. पुढे मराठी गाण्यांचीही निघाली. घरातल्या वडीलधाऱ्यांना द्यायला इतकी सोपी वस्तू नाही. ऑफिसला ती मी सुचवणार नाही, कारण जवळजवळ सगळी गाणी शब्दांची आहेत. त्यानं काय बिघडतं ते पुढे येईलच.

इंटरनेटवरून गाणी वाजवली तर? नेटवर्क दोन कांड्यांवर आलं की अंतऱ्यात आलाप अडकतो, आणि फुकटच्या अ‍ॅपांत दर दोन गाण्यांनी कुणीतरी टूथपेस्ट विकायला येतो. कार्ड बरं. हिशेब सोपा आहे: १२८ केबीपीएस दर्जाच्या एमपी३ ला मिनिटाला साधारण १ एमबी जागा लागते, ३२० च्या दर्जाला अडीचच्या आसपास. ३२ जीबीच्या कार्डावर चांगल्या दर्जाचंही २०० तासांहून अधिक संगीत बसतं. रोज चार तास वाजवलं तरी जवळजवळ दोन महिने एकच गाणं दुसऱ्यांदा येणार नाही. एक अडचण मात्र सांगून ठेवतो. बरेच स्वस्त प्लेअर आणि स्पीकर फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेलंच कार्ड वाचतात आणि ३२ जीबीच्या वरचं कार्ड टाकलं की गप्प बसतात. कार्ड बिघडलं म्हणून दुकानदाराशी भांडण्याआधी ते फॉरमॅट करून पाहावं.

आणि रेडिओ. बऱ्याच स्पीकरांवर ‘एफएम’ लिहिलेलं असतं. एफएमच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत चालतात; मुंबई आणि आमच्यामध्ये माथेरानचा डोंगर आडवा. मुंबईची केंद्रं त्यामुळे खरखरत येतात, कधी येतच नाहीत. अशा स्पीकरांत वेगळी एरियल नसते, पुष्कळदा चार्जिंगची वायरच एरियलचं काम करते. ती जोडून खिडकीकडे नेली तर थोडा फरक पडतो. मध्यम लहरी जमिनीलगत वळसा घेत येतात, म्हणून आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी जुन्या ट्रान्झिस्टरवर ५५८ किलोहर्ट्झला लागते, आणि शेजारी बसलेल्या हजारांच्या स्पीकरला तिचा पत्ता नसतो. रेडिओ हवा असेल तर ट्रान्झिस्टरच घ्यावा.

आता स्पीकर. इथं सर्वांत मोठी थाप ‘वॅट’ची आहे. एके काळी टू-इन-वनच्या खोक्यांवर ‘१,००० वॅट पीएमपीओ’ असं छापायचे. पीएमपीओ मोजायची ठरलेली पद्धतच नव्हती, त्यामुळे ज्याला जो आकडा आवडला तो त्यानं छापला. विचारायचा आकडा म्हणजे ‘आरएमएस’, सतत देता येणारी ताकद. पण तोही किती लागतो? लहानसा स्पीकर १ वॅटला, १ मीटरवर, समजा ८० डेसिबल आवाज देतो. दोन माणसं टेबलापलीकडे बोलतात तो आवाज ६० डेसिबलच्या घरात असतो. गाणं त्याच्या वर जायला नको. ८० वरून ६० ला यायला ताकद शंभरपटीनं कमी लागते, म्हणजे एका वॅटचा शंभरावा भाग! ताकद दुप्पट केली तर आवाज जेमतेम ३ डेसिबल वाढतो. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट ताकद लागते. ५ वॅट आणि १० वॅट यांतला फरक खोक्यावर दिसतो, ऑफिसात ऐकू येत नाही.

मग काय ऐकायचं? हळू आवाजात तो स्पीकर कसा वागतो ते. १९३३ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी माणसाचा कान वेगवेगळ्या उंचीचे स्वर कुठल्या मोठेपणाला किती ऐकतो याचे आलेख काढले. त्यातून कळतं ते असं, की आवाज लहान केला की खर्ज सगळ्यात आधी नाहीसा होतो. गाणं तेच, पण डग्ग्याचा घुमारा गेला, उरली नुसती चाटीची टकटक. दुकानदार स्पीकर दाखवतो तो पूर्ण आवाजात. त्या आवाजात कुठलाही डबा भारदस्त वाटतो. आपण वापरणार पाव आवाजावर. म्हणून दुकानातही पाव आवाजावरच ऐकावा.

ऐकायला गाणंही आपल्या ओळखीचं हवं. दुकानदाराच्या पेनड्राइव्हमधलं धडधडणारं गाणं त्या स्पीकरसाठीच निवडलेलं असतं. मी तीन गोष्टी नेतो. एक, तबल्याचं एकल वादन: डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड नुसती ‘धप’ अशी ऐकू आली तर स्पीकर खाली ठेवावा. दोन, तानपुरा: चांगल्या स्पीकरवर जवारी मधमाश्यांसारखी गुणगुणत राहते, वाईटावर पंख्यासारखी घरघरते. तीन, नुसतं बोलणं, बातम्या किंवा कथाकथन: ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतात का, पुरुषाचा आवाज पिंपातून आल्यासारखा येतो का. या तिन्हींना पाच मिनिटं लागतात. मुठीएवढ्या डब्यातून खरा खर्ज निघतच नाही, त्याचे वरचे उपस्वर ऐकून आपला मेंदू खालचा स्वर स्वतःच भरून घेतो. तरीही काही डब्यांत मागच्या बाजूला वायर न जोडलेला एक जादा पडदा बसवलेला असतो. आतल्या हवेच्या दाबानं तो हलतो आणि खालच्या पट्टीला जरा अंग येतं. बोट अलगद टेकवलं की तो थरथरताना कळतो.

जोडणी वायरची की ब्लूटूथची? ब्लूटूथचा पल्ला साधारण १० मीटर, मध्ये भिंत आली की कमी. एका खोलीला तो पुरतो. पण प्लेअर आणि स्पीकर शेजारी शेजारीच राहणार असतील तर साडेतीन मिलिमीटरची साधी वायर उत्तम. ती कुणाच्या फोनला आपणहून जाऊन चिकटत नाही. स्पीकर घेताना ते भोक आहे का ते पाहावं. नव्या स्पीकरांतून ते हळूहळू गायब होत चाललंय. चार्जिंगला यूएसबी-सी असावं म्हणजे कुणाचीही वायर चालते.

पाण्याचं पाहिलं पाहिजे, कारण आमचा पाऊस दारातून सरळ येत नाही, तो आडवा येतो. ‘आयपीएक्स५’ म्हणजे पाण्याचा फवारा सोसतो. ‘आयपीएक्स७’ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकतो. ‘एक्स’च्या जागी आकडा असेल, उदाहरणार्थ ‘आयपी६७’, तर धुळीचीही चाचणी झाली आहे. हे सगळं गोड्या पाण्यातलं आणि नव्या वस्तूचं. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण सैल झालं की आकडा कागदावरच राहतो. ऑफिसला आयपीएक्स५ भरपूर. खरा शत्रू दमट हवा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये महिनाभर बंद ठेवलेल्या स्पीकरच्या जाळीवर बुरशी धरते, कागदी पडदा सर्द होतो. रोज थोडा वेळ वाजवला तर तसं होत नाही. भिजलाच तर तांदळात पुरू नका. हा भाताचा तालुका, ‘कर्जत ३’सारखी वाणं जिथून राज्यभर गेली त्या संशोधन केंद्राचा, इथं भिजलेली प्रत्येक वस्तू कणगीत घालायची आपली सवय. पण तांदळाची पिठी भोकात जाऊन बसते. उलटा करून पंख्याखाली दोन दिवस ठेवावा, तो आपोआप सुकतो.

स्पीकर आणला आणि आम्ही जी चूक सुरुवातीला केली ती बहुतेक ऑफिसांत होते: लोखंडी कपाटावर ठेवला. कपाट म्हणजे पोकळ पत्र्याची पेटी. एका विशिष्ट खर्जाला तेच वाजायला लागतं, आतल्या फायली, वरचं देवाचं ताट, सगळं झणझणतं. कोपऱ्यात ठेवला तर दोन भिंती मिळून खर्ज फुगवतात आणि तानपुऱ्याऐवजी ट्रकचं इंजिन ऐकू येतं. त्यात फरशी, प्लॅस्टर आणि पत्रा. आवाज शोषणारं ऑफिसात काहीच नाही. शेवटी काय केलं? स्पीकर खाली उतरवला, घडी घातलेल्या गोणपाटावर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, भिंतीपासून हातभर पुढे. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलनं वाढतो. खोलीत प्रतिध्वनी मिसळतात म्हणून तेवढा नाही, पण वाढतो. याचाच अर्थ, ऐकू येत नसेल तर आवाज वाढवण्याऐवजी स्पीकर जवळ आणावा. एका टोकाला एक मोठा ठेवण्यापेक्षा दोन टोकांना दोन लहान, दोन्ही हळू, असं केलं तर कुणाच्याच डोक्यात जात नाही. आम्ही दुसरा लहान स्पीकर सहा महिन्यांनी घेतला. पहिल्यांदाच दोन घेतले असते तर पैसे वाचले असते.

शेजाऱ्यांचंही पाहायचं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी व्यापारी भागात दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. निवासी भागात ५५ आणि ४५. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचं १०० मीटरपर्यंतचं क्षेत्र शांतता क्षेत्र ठरवता येतं, तिथं दिवसा ५० आणि रात्री ४०. कशेळ्यात ग्रामीण रुग्णालय आहे. आजूबाजूच्या ठाकूर-कातकरी वाड्यांतली माणसं तिथं येतात, आणि रुग्णालयाच्या आसपास दुकान-ऑफिस असणाऱ्यानं तर आपल्या खिडकीपाशी उभं राहून आवाज बाहेर येतो का हे स्वतः ऐकावं. खिडकीबाहेर शब्द कळत असतील तर तो आवाज जास्त आहे, मग नियम काहीही असो.

राहिलं माणसांचं. कामाबरोबर गाणं ही काही ऑफिसानं शोधलेली गोष्ट नाही. जात्यावरच्या ओव्या घ्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून गोळा केलेल्या ओव्यांची संख्या लाखाच्या वर आहे. भाताच्या आवणीतही गाणं असतंच. पण दळणं आणि आवणी ही हातांची कामं. तोंड आणि डोकं मोकळं. कारखान्यांनी हे हेरलं. दुसऱ्या महायुद्धात बीबीसीनं २३ जून १९४० पासून कारखान्यांसाठी ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ हा कार्यक्रम सुरू केला, दिवसातून दोनदा, अर्धा अर्धा तास. त्यात टेक्सासवरचं टाळ्यांच्या तालाचं एक लोकप्रिय गाणं वाजवायला मनाई होती. कामगार टाळ्यांऐवजी हातातले पाने यंत्रांवर आपटून ताल धरतील ही भीती.

आकड्यांच्या कामाचं गणित निराळं. सालामे आणि बॅडली या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये दाखवलं, की समोर दिसणारे अंक क्रमानं लक्षात ठेवताना मागे शब्दांचं गाणं चालू असेल तर चुका वाढतात. नुसत्या वाद्यांनी त्यापेक्षा कमी वाढतात. कारण अंक आपण मनातल्या मनात ‘म्हणतो’, आणि गाण्यातले शब्द त्याच जागेत घुसतात. तेव्हा जीएसटीचं विवरण भरताना बासरी, संतूर किंवा काहीच नाही. सातबारा छापताना, फायली लावताना, पाकिटं चिकटवताना हवं ते नाट्यगीत. आमच्याकडे याचा फळा नाही, अलिखित समजूत आहे. हिशेबाच्या टेबलावरच्या ताईंनी मान वर करून पाहिलं की शब्द बंद. कुणी समोर येऊन बसलं, विशेषतः वारसनोंदीसाठी, म्हणजे ज्याच्या घरात मृत्यू झालाय असं माणूस, तर सगळंच बंद. त्यासाठी बंद करायचं बटण अंधारातही बोटाला सापडेल असं हवं. स्पीकर निवडताना हे मी आता वॅटच्या आधी पाहतो.

कानाला बोंडं लावण्याबद्दल एवढंच, की ज्याच्या टेबलाशी लोक येतात त्यानं लावू नयेत. मामा तीनदा हाक मारतात आणि पोरगं डोलतंय, हे बरं दिसत नाही. ज्याला लावायचीत त्यानं लावावीत, पण जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ध्यानात ठेवावी: ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास. त्याहून मोठ्यानं, तर वेळ झपाट्यानं कमी.

कायद्याची एक बाजू बहुतेकांना ठाऊक नसते. आपल्या चौघांपुरतं हळू वाजवणं वेगळं आणि गिऱ्हाइकांसाठी दुकानात, हॉटेलात, रिसॉर्टवर गाणी लावणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली परवाना लागतो, आणि ध्वनिमुद्रणांसाठी तो पीपीएलसारख्या संस्था देतात. कर्जतच्या आसपास शेतघरं आणि रिसॉर्टं फोफावली आहेत, त्यांच्या चालकांनी हे समजून घ्यावं. ‘जुनी गाणी तर फुकट असतात ना?’ असं एक जण मला म्हणाला. अर्धंच खरं. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं, पण शब्दांचा आणि चालीचा हक्क ते करणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. गीतकार गदिमा १४ डिसेंबर १९७७ ला गेले. म्हणजे त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत हक्काखाली आहेत, मग रेकॉर्ड कितीही जुनी असो.

खरेदी कुठं करावी? ऑनलाइन स्वस्त पडतं हे मान्य. पण ऐकून घेता येत नाही, आणि बिघडल्यावर सेवा केंद्र पनवेलला की कल्याणला हे तेव्हा कळतं. मी कर्जतच्या दुकानात ऐकतो आणि दोन-तीनशे रुपयांचा फरक सोसून तिथंच घेतो. खोक्यावर भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह आणि त्याखाली ‘आर’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते बघावं, निनावी डब्यांत बॅटरी कुठली घातली आहे हे देवालाच माहीत. बिल घ्यावं. नाक्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्या दादांना एकदा दाखवून विचारावं, ‘हा उघडतो का?’ स्क्रूनं बसवलेला डबा उघडतो, बॅटरी बदलता येते, आणखी तीन वर्षं चालतो. चिकटवलेला असेल तर बॅटरीबरोबर त्याचंही आयुष्य संपलं.

आणि पाऊस. आमच्या पत्र्यावर आषाढाची सर कोसळते तेव्हा हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. असं बोलावं लागलं की आवाज ८५ डेसिबलच्या आसपास गेलाय असं समजतात. नवा स्पीकर घेतला त्या वर्षी आम्ही तिच्याशी स्पर्धा करून पाहिली, आवाज पूर्ण वर नेला. सर थांबली तेव्हा खालच्या किराणा दुकानाचे काका जिन्यात उभे होते. आता पहिले टपोरे थेंब पत्र्यावर वाजले की ज्याचा हात जवळ असेल तो बटण दाबतो.

तुम्ही स्पीकर घ्यायला निघालात तर सिम काढलेला जुना फोन आणि त्यात ओळखीचा तबला बरोबर न्या. दुकानदार हौसेनं आवाज वर नेईल. त्याला म्हणा, ‘दादा, पाव करा, मग ऐकतो.’